अपडेटची भीती खरीच असते

ओळखीतल्या लोकांना वर्डप्रेस या सॉफ्टवेअरवर ब्लॉग सुरू करून द्यायचा नाद लागला आणि त्यातून मी त्यांचा कायमचा बिनपगारी तंत्रज्ञ होऊन बसलो. तेव्हापासून मला येणाऱ्या फोनांमध्ये एक प्रश्न ठरलेला असतो. "डॅशबोर्डवर लाल आकडा आलाय. दाबू का?"

डॅशबोर्ड म्हणजे ब्लॉग चालवायचं आतलं पान, आणि लाल आकडा म्हणजे तितके अपडेट वाट पाहताहेत. विचारणारी माणसं बावळट नसतात. त्यांच्यातल्या एक बाई आयुष्यभर गणित शिकवून निवृत्त झाल्या आणि आता गणिती कोड्यांवर लिहितात. त्यांना मी जरा वरच्या पट्टीतच म्हणालो, "बाई, अपडेट वेळच्या वेळी करायला हवेत." त्या म्हणाल्या, "हो रे, पण मागच्या खेपेला दाबलं तर सगळी समीकरणं डॉलरच्या खुणांत दिसायला लागली. न दाबल्यामुळे काही बिघडलंय, असं मात्र मला अजून दिसलेलं नाही."

त्यांच्या हाती जो पुरावा होता, त्यावरून हा निष्कर्ष अगदी बरोबर होता. अपडेट केल्यानं होणारं नुकसान तिथल्या तिथे, आपल्या डोळ्यांसमोर होतं आणि ते आपल्याच हातून झाल्यासारखं वाटतं. न केल्यानं होणारं नुकसान कधी महिन्यांनी कळतं, कधी कळतच नाही. हॅक झालेले कितीतरी ब्लॉग मालकाला पूर्वीसारखेच दिसतात. औषधांच्या नाहीतर जुगाराच्या जाहिरातींचे दुवे फक्त सर्च इंजिनाला दिसतील अशा बेतानं लपवलेले असतात. म्हणजे आपण ज्या भीतीला आळस म्हणतो ती अनुभवातून आलेली असते, आणि ती घालवायची जबाबदारी सॉफ्टवेअर लिहिणाऱ्यांची आहे. उपदेशानं ती जात नाही. मी देऊन पाहिलाय.

जबाबदारी कुणी घेतलीच नाही असं मात्र नाही. वर्डप्रेस २००३ साली आलं, बी२ नावाच्या आधीच्या सॉफ्टवेअरच्या फांदीतून, आणि 'पाच मिनिटांत इन्स्टॉल' ही त्याची ख्याती झाली. अपग्रेडला पाच मिनिटं लागतील असं कुणी म्हणत नसे. नवी झिप उतरवा, लेख-प्रतिक्रिया जिथे साठतात त्या डेटाबेसची प्रत काढा, सगळी प्लगइन (वरून जोडलेल्या जादा सोयी) बंद करा, एफटीपीनं, म्हणजे फाइली नेण्या-आणण्याच्या पद्धतीनं, सर्व्हरवरच्या जुन्या फाइली पुसा. इथे थांबा, कारण सगळ्या पुसायच्या नाहीत. तुमची थीम (ब्लॉगचं रूप ठरवणाऱ्या फाइली) आणि फोटो असलेलं फोल्डर ठेवायचं, डेटाबेसचा पासवर्ड असलेली कॉन्फिगची फाइल ठेवायची. मग नव्या फाइली चढवा, अपग्रेडचं पान उघडा, प्लगइन एकेक करून सुरू करा. मधेच कनेक्शन तुटलं की अर्धा ब्लॉग जुना, अर्धा नवा. हे सगळं कविता लिहिणाऱ्या माणसानं करायचं, अशी अपेक्षा होती.

सप्टेंबर २००७ मधल्या २.३ या आवृत्तीपासून 'नवी आवृत्ती आली आहे' ही सूचना डॅशबोर्डवर दिसू लागली. २००८ च्या मार्चमध्ये, २.५ मध्ये, प्लगइन एका क्लिकवर अपडेट होऊ लागली. डिसेंबरमध्ये २.७ आलं आणि वर्डप्रेस स्वतःच स्वतःला बदलू लागलं. इतकं झाल्यावर सगळे अपडेट करतील असं वाटलं होतं. २००९ च्या सप्टेंबरमध्ये एक वर्म, म्हणजे आपोआप पसरणारा घातक प्रोग्रॅम, जुन्या आवृत्त्यांवर फिरला. तो ब्लॉगवर साध्या सभासदासारखी नोंदणी करायचा, पर्मालिंकच्या (लेखांच्या कायमच्या पत्त्यांच्या) सेटिंगमधून स्वतःचा कोड चालवून घ्यायचा, अॅडमिन व्हायचा आणि मालकानं सभासदांची यादी उघडली तर त्यातून स्वतःचं नाव लपवायचा. मग सावकाश जुन्या लेखांत कचरा भरायचा. त्या वेळची ताजी आवृत्ती, २.८.४, असणाऱ्यांना काहीही झालं नाही.

हे बाईंना सांगितलं असतं तर त्या २००७ मधली दुसरी गोष्ट मला ऐकवू शकल्या असत्या. त्या वर्षी मार्चमध्ये जाहीर झालं की कुणीतरी वर्डप्रेसच्याच एका सर्व्हरमध्ये शिरून २.१.१ ची डाउनलोडची फाइल बदलली होती आणि तिच्यात चोरवाट पेरली होती. २.१.२ घाईघाईनं काढावी लागली. म्हणजे ज्यांनी मन लावून, सांगितल्याबरहुकूम त्या दिवसांत अपग्रेड केलं, तेच फसले. आळशी वाचले. असं एकदा झालं की 'अपडेट करा म्हणजे सुरक्षित राहाल' हे वाक्य बिनशर्त म्हणता येत नाही.

देवनागरीत लिहिणाऱ्यांना आणखी एक धसका होता, आणि इंग्रजीत लिहिणाऱ्यांना त्याची फारशी कल्पनाच नव्हती. मायएसक्यूएल या डेटाबेसची मुळातली लिपीव्यवस्था, म्हणजे अक्षरं साठवायची पद्धत, लॅटिन-१ होती. आपण लिहायचो युनिकोडमध्ये, यूटीएफ-८ मध्ये, जिथे देवनागरीचं एक चिन्ह तीन बाइट घेतं. डेटाबेसला वाटायचं ही तीन वेगळी लॅटिन अक्षरं आहेत. साठवताना जी गफलत, तीच वाचताना उलटी व्हायची, म्हणून ब्राउझरमध्ये सगळं शुद्ध दिसायचं. दोन चुका एकमेकींना सांभाळून घेत होत्या. २.२ मध्ये कॉन्फिगच्या फाइलीत लिपीव्यवस्था सांगणारी एक ओळ आली. नव्या ब्लॉगसाठी ती योग्यच होती. पण जुन्या ब्लॉगवाल्यानं नमुन्याची नवी फाइल जशीच्या तशी उचलली, की डेटाबेस प्रामाणिकपणे भाषांतर करायला लागायचा आणि प्रत्येक मराठी अक्षराच्या जागी टोप्या-मात्रा चढवलेली तीन परकी अक्षरं उभी राहायची. शीर्षकांपासून प्रतिक्रियांपर्यंत, सगळीकडे.

या प्रकरणातला एक निर्णय मला फार शहाणपणाचा वाटतो. ती ओळ नसेल तर सॉफ्टवेअर जुन्या पद्धतीनंच चालत राहायचं, आणि चालत्या ब्लॉगमध्ये ती घालू नका असं स्पष्ट सांगितलेलं होतं. आठ वर्षांनी, एप्रिल २०१५ मध्ये, ४.२ या आवृत्तीनं डेटाबेस चार बाइटवाल्या यूटीएफ-८ मध्ये न्यायला घेतला. इमोजी त्याशिवाय साठवता येत नव्हते. (मराठी लेखांत इमोजी किती असावेत हा वेगळ्या भांडणाचा विषय.) या वेळी अपग्रेड आधी पाहायचं: टेबलातले सगळे रकाने यूटीएफ-८ आहेत का? नसतील तर त्या टेबलाला हात लावायचा नाही. डेटाबेसमध्ये शोध जलद व्हावा म्हणून ठेवलेल्या सूचीला ७६७ बाइटांची मर्यादा होती. चार बाइटांचं एक अक्षर धरलं तर १९१ अक्षरंच मावतात, म्हणून सूचीची लांबीही आधी कमी करून घेतली होती. इतका मोठा बदल झाला आणि माझ्या ओळखीतल्या कुणालाही तो कळला नाही. मला एकही फोन आला नाही. चांगल्या अपग्रेडचं याहून चांगलं प्रमाणपत्र मला माहीत नाही. ज्याची खात्री नाही त्याला हात न लावण्याची शिस्त त्यात होती.

मधल्या काळात, ऑक्टोबर २०१३ मध्ये, 'दाबू का?' हा प्रश्नच काढून टाकायचा प्रयत्न झाला. ३.७ पासून किरकोळ आणि सुरक्षेच्या दुरुस्त्या पार्श्वभूमीत, न विचारता, आपोआप बसू लागल्या. तेव्हा याला बराच विरोध झाला, आणि माझं पहिलं मतही विरोधाचंच होतं. माझ्या सर्व्हरवर माझ्या परवानगीशिवाय कोड का बदलावा? मत बदललं ते पुढच्या वर्षी, वर्डप्रेससारख्याच द्रुपल या दुसऱ्या सॉफ्टवेअरमुळे. १५ ऑक्टोबर २०१४ रोजी द्रुपल ७ मधलं एक भयंकर भगदाड जाहीर झालं, दुरुस्तीही सोबतच आली. दोन आठवड्यांनी द्रुपलच्या सुरक्षा गटानं कळवलं की घोषणेनंतर सात तासांच्या आत ज्यांनी दुरुस्ती बसवली नाही त्यांनी आपली साइट हॅक झाली आहे असंच समजून चालावं. सात तास म्हणजे एक रात्रीची झोप. जो माणूस आठवड्यातून एकदा लॉगिन करतो त्याच्याकडून सात तासांत बटण दाबण्याची अपेक्षा करणं ही थट्टा आहे.

जानेवारी २०१७ मध्ये याची दुसरी बाजू दिसली. वर्डप्रेस ४.७ आणि ४.७.१ मध्ये असं छिद्र होतं की लॉगिन न करताही कुणालाही कुणाचाही लेख बदलता यावा. २६ जानेवारीला ४.७.२ आली, पण घोषणेत हे छिद्र सांगितलंच नाही, बाकीच्या दुरुस्त्या सांगितल्या. मोठ्या होस्टिंग (साइटींना सर्व्हरवर जागा देणाऱ्या) कंपन्यांना आतून कळवलं, अपडेट आपोआप पसरू दिले आणि १ फेब्रुवारीला खरं काय ते जाहीर केलं. त्यानंतरच्या दिवसांत लाखो पानं विद्रूप झाली. त्यांतली बरीचशी अशा ब्लॉगांवरची होती जिथे स्वयंचलित अपडेट मुद्दाम बंद केलेले होते किंवा चालतच नव्हते. वापरणाऱ्यांपासून आठवडाभर गोष्ट लपवणं बरोबर होतं का? मला वाटतं होतं. आपोआप अपडेटची यंत्रणा नसती तर तो आठवडा फुकट गेला असता.

अर्थात यंत्रणेचेही स्वतःचे अपघात असतात. फेब्रुवारी २०१८ मध्ये ४.९.३ आली आणि तिनं आपोआप अपडेट करणारा भागच बंद पाडला. केलेला बदल काय, तर अपडेट तपासताना सर्व्हरला होणाऱ्या विचारणा कमी करायच्या! दुसऱ्याच दिवशी ४.९.४ आली, पण ती आपोआप पोहोचणार कशी? जिथे ४.९.३ बसली होती तिथे माणसानं जाऊन बटण दाबणं भाग होतं. 'आता काही करायला लागत नाही' असं मी ज्यांना सांगून ठेवलं होतं त्या सगळ्यांना मग फोन करावे लागले. २०२० च्या ऑक्टोबरमध्ये तर एका आवृत्तीचं वितरण थांबवायच्या गडबडीत ५.५.३ ची अल्फा, म्हणजे अजून घडत असलेली आवृत्ती, चालत्या साइटींवर जाऊन बसली. सोबत कुणी न मागितलेल्या जादा थीमही उतरल्या. काही तासांत सारवासारव झाली आणि मोठं नुकसान झालं नाही. तरीही ज्यांनी पहाटे डॅशबोर्ड उघडून 'अल्फा' हा शब्द पाहिला असेल त्यांच्या छातीत काय झालं असेल ते मी समजू शकतो.

इतकं असूनही मी ओळखीच्या सगळ्यांच्या ब्लॉगवर किरकोळ आवृत्त्यांचे (४.९.३ सारखा तिसरा आकडा बदलणाऱ्या) अपडेट आपोआप चालू ठेवतो. कारण त्या वाटेवर एक वचन पाळलं गेलेलं आहे: किरकोळ आवृत्ती दुरुस्ती करते, दिसणं-वागणं बदलत नाही. डिसेंबर २०१८ मध्ये ५.० आली तेव्हा या वचनाची किंमत कळली. लिहिण्याची खिडकीच बदलली. एका मोठ्या कोऱ्या पानाच्या जागी ब्लॉक आले, प्रत्येक परिच्छेद वेगळा ठोकळा. मला स्वतःला ते पुढे आवडलं. पण ज्यांच्या बोटांना दहा वर्षांची सवय होती त्यांना आपल्याच घरात पाहुण्यासारखं वाटलं. दाराचं कुलूप बदलायला बोलावलेल्या माणसानं जाता जाता घरातली कपाटंही हलवून ठेवावीत, तसं झालं असतं, जर सुरक्षेसाठी ५.० वर येणं सक्तीचं असतं. तसं नव्हतं. जुना संपादक प्लगइनच्या रूपात उपलब्ध ठेवला गेला, आणि पन्नास लाखांहून जास्त साइटींनी तो बसवला. शिवाय सुरक्षेच्या दुरुस्त्या मागच्या आवृत्त्यांनाही मिळत राहिल्या, थेट ३.७ पर्यंत. ३.७ ते ४.० या आवृत्त्यांचा हा पाठिंबा २०२२ च्या डिसेंबरपर्यंत चालला. नऊ वर्षं जुन्या फांद्यांना पाणी घालणं हे कंटाळवाणं, कौतुक न मिळणारं काम आहे. ज्यांनी केलं त्यांना मी मनापासून मानतो.

प्लगइनवाल्यांना मात्र या वचनानं कुणी बांधलेलं नाही, आणि माझ्या मते आजचं खरं दुखणं तिथेच आहे. एकाच अपडेटमध्ये सुरक्षेची दुरुस्ती, नवं सेटिंगचं पान, पैसे भरा म्हणणारी पट्टी आणि एखादी मोडलेली सोय असं सगळं एकत्र येतं. बदलांच्या नोंदीत लिहिलेलं असतं: 'किरकोळ सुधारणा'. यातला कुठला भाग मला आजच हवा आणि कुठला नको, हे ठरवायला काही साधन नसतं. ऑगस्ट २०२० मधल्या ५.५ पासून प्लगइनचेही अपडेट आपोआप करता येतात, पण तो खटका मी सरसकट चालू करत नाही. फॉर्म आणि कॅशेसारखी (कॅशे म्हणजे पानं लवकर उघडावीत म्हणून तयार प्रती ठेवणं), सतत हल्ल्याच्या तोंडावर असलेली प्लगइन चालू. लेखाच्या मजकुरावर काम करणारी बंद. बाईंचं समीकरणांचं प्लगइन अर्थातच बंद.

बिघडलंच तर पुढे काय, याची काळजी वर्डप्रेसनं उशिरा घ्यायला सुरुवात केली. पूर्वी एखादं प्लगइन फुटलं की नुसतं पांढरं पान दिसायचं, डॅशबोर्डसुद्धा पांढरा. म्हणजे ज्या दारातून जाऊन ते प्लगइन बंद करायचं तेच दार बंद. मे २०१९ मधल्या ५.२ नं यावर उपाय केला. घातक चूक झाली की मालकाला ईमेल जातं, त्यात एक खास दुवा असतो, आणि त्या दुव्यानं आत शिरलं की फुटलेला भाग फक्त तुमच्यापुरता थांबवलेला असतो. मला येणारे रात्रीचे फोन यानं जितके कमी झाले तितके दुसऱ्या कशानंच झाले नाहीत. २०२३ मधल्या ६.३ पासून प्लगइन किंवा थीम बदलण्याआधी जुनी प्रत बाजूला ठेवली जाते आणि अपडेट मधेच फसला तर ती परत येते. २०२४ च्या ६.६ पासून आपोआप झालेल्या प्लगइन अपडेटनंतर सॉफ्टवेअर स्वतःच साइटला हाक मारून बघतं, आणि घातक चूक आढळली तर आधीची आवृत्ती परत बसवतं.

पण या 'परत'ची हद्द ओळखून असावं. परत येतात त्या फाइली. नव्या आवृत्तीनं डेटाबेसच्या टेबलात काही बदल केला असेल तर तो तसाच राहतो. आणि तपासली जाते ती फक्त घातक चूक. फॉर्ममधून ईमेल जायची बंद झाली, समीकरणं डॉलरांत दिसू लागली, फोटो आडवे झाले, तर यंत्राच्या लेखी सगळं ठीक. ब्लॉगसाठीच्याच घोस्टसारख्या नव्या सॉफ्टवेअरमध्ये डेटाबेसमधल्या बदलासोबत त्याची उलट कृतीही लिहून ठेवायची पद्धत आहे. तिथेही प्रत्येक बदल उलटवता येतोच असं नाही: पुसलेला रकाना कुठून आणणार?

या सगळ्यातून सुटका म्हणून काही जण दोन टोकांना जातात. एक टोक गूगलच्या ब्लॉगर या सेवेचं. तिथे अपडेट हा शब्दच नाही, सगळं गूगल करतं. मात्र तिथे नाही म्हणायचीही सोय नसते. २०१० साली ब्लॉगरनं स्वतःच्या सर्व्हरवर एफटीपीनं प्रकाशित करायची सोय बंद केली तेव्हा ती वापरणाऱ्यांना मुक्काम हलवावाच लागला. दुसरं टोक ह्यूगो, जेकिलसारख्या साधनांचं, जिथे साइट म्हणजे नुसत्या तयार एचटीएमएल फाइली. साधन जुनं राहिलं तरी सर्व्हरवर हल्ला करण्यासारखं फारसं काही नसतं, आणि नव्या आवृत्तीनं थीम मोडली तरी प्रकाशित पानं जागची हलत नाहीत. मला हे टोक आवडतं. पण काळ्या खिडकीत आज्ञा टाइप करायला लावून मी कुणाचं लिहिणं सोपं केलं असं म्हणवत नाही.

आपोआप अपडेटनं विश्वास एका जागी गोळा होतो, याचं भान मात्र सुटू नये. २०१६ मध्ये एका सुरक्षा कंपनीनं दाखवून दिलं की वर्डप्रेसच्या अपडेट देणाऱ्या सर्व्हरमध्येच शिरता येईल अशी कमजोरी होती. ती गैरवापराआधी बुजवली गेली. अपडेटवर डिजिटल सही तपासायची सोय ५.२ मध्ये आली, तीही सही चुकली तर अडवण्याऐवजी फक्त नोंद करणारी. आणि २०२४ च्या शरदात तांत्रिक नव्हे तर माणसांचं भांडण पेटलं: एका मोठ्या होस्टिंग कंपनीच्या सर्व्हरांना अपडेटच्या दारातून मज्जाव झाला, आणि त्याच कंपनीचं अतिशय वापरातलं एक प्लगइन दुसऱ्या नावानं, दुसऱ्यांच्या हाती, नेहमीच्या अपडेटच्याच वाटेनं लोकांच्या साइटींवर पोहोचलं. कोण बरोबर, हा वाद मी इथे काढत नाही. भांडणाशी ज्यांचा काडीचा संबंध नव्हता त्यांच्या डॅशबोर्डवर ते आलं, एवढं मला खटकलं.

म्हणून मी आता 'दाबू का?' ला उलटा प्रश्न विचारतो: शेवटचा बॅकअप कधीचा, आणि तो कुठे आहे? बहुतेकांचं उत्तर असतं, होस्टिंगवाले घेतात ना. ते घेतात, बऱ्याचदा त्याच सर्व्हरवर. किंवा उत्तर येतं, एक्सपोर्ट करून ठेवलंय. वर्डप्रेसच्या एक्सपोर्टमध्ये लेख आणि प्रतिक्रिया येतात, फोटोंचे मात्र नुसते पत्ते येतात. सेटिंग आणि थीम नसते. सगळ्या साइटचा बॅकअप घेण्याची आणि तो परत बसवण्याची सोय वर्डप्रेसच्या मूळ सॉफ्टवेअरमध्ये आजही नाही, त्यासाठी प्लगइनच लागतं. इतकी वर्षं अपडेटचं बटण सोपं करण्यावर जेवढी बुद्धी खर्च झाली त्याच्या निम्मी तरी इथे खर्च व्हायला हवी होती. बटणाशेजारी 'शेवटचा बॅकअप: अमुक तारीख' एवढी ओळ दिसली आणि तारीख जुनी असेल तर बटणानंच आधी बॅकअप घेतला, तर माझे अर्धे फोन बंद होतील.

तोवर हातानंच करायचं. फाइली आणि डेटाबेस, दोन्हींची प्रत दुसऱ्या जागी ठेवायची, आणि एकदा तरी ती एखाद्या रिकाम्या उपडोमेनवर, म्हणजे आपल्याच पत्त्याखालच्या वेगळ्या जागी, बसवून बघायची. बसवल्यावर मुखपृष्ठ पाहून समाधान मानू नका. सगळ्यात जुना, फोटो असलेला आणि खाली प्रतिक्रिया असलेला लेख उघडा.